सोपान मास्तर आणि पोट सुटलेली भिंत

खराडीला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा पहिला पाहुणा म्हणून सोपान मास्तर आले. दारात चपला काढल्या. 'बसा' म्हटलं तर बसले नाहीत, पाणी दिलं तर पेला नुसता हातात धरून ठेवला आणि सरळ जाऊन हॉलच्या भिंतीला कान लावून उभे राहिले. मग बोटाच्या पेरानं टक टक सुरू. आमचे हे पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणतेय? ताप आहे का तिला?"

आमच्या यांचा जन्म नारायण पेठेतला, त्यामुळे साधा प्रश्नही समोरच्याला टोचून जातो. पण मास्तरांना टोमणा कधी लागतच नसे. ते गंभीरपणे म्हणाले, "ताप न्हाई साहेब, पर हितनं हितपर्यंत पोकळ हाय. पलास्टर सुटलंय." आणि खिशातून खडू काढून आमच्या कोऱ्या करकरीत पिस्ता रंगाच्या भिंतीवर हा एवढा गोल काढला. मग दुसरा. मग तिसरा. सात गोल काढले हो माणसानं! मी 'अहो मास्तर, अहो मास्तर' करत मागे आणि ते पुढे. सातवा गोल देवघरावर काढून झाल्यावर मग ते पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेले. तिथला टाय लावलेला पोरगेला साहेब म्हणाला, "काका, एवढं सगळीकडेच असतं." मास्तर म्हणाले, "सगळीकडं असतंय म्हनून तर आमचा वर्ग चालतोय. चला, तुमी सोता वाजवून बघा." आणि त्या पोराला हाताला धरून वर आणलं, भिंतीला कान लावायला लावला. पाचव्या गोलापर्यंत येता येता तो पोरगा स्वतःच म्हणायला लागला, "हो काका, इथे पण." आठ दिवसांत सगळं खरवडून नवं प्लास्टर झालं. त्या भिंती आजतागायत खणखणीत आहेत. शेजारच्या तिन्ही फ्लॅटमध्ये पोपडे निघाले आणि ते लोक मला विचारत असतात की तुमचा कोण माणूस होता.

तर हा माणूस कोण होता ते सांगते. वाघोली रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये गवंडीकामाचं प्रशिक्षण देणारा वर्ग चालायचा. मी तिथे ऑफिसात होते. फॉर्म भरणं, हजेरी घेणं, पत्रं लिहिणं आणि मास्तरांनी रागावून घरी पाठवलेल्या माणसांना समजावून परत बसवणं ही माझी कामं. सोपान मास्तर शिकवायचे. त्या काळात त्या भागात जिकडे तिकडे इमारती उठत होत्या. गेल्या हंगामात कांदा लावणारा माणूस या हंगामात तिसऱ्या मजल्यावर वीट लावत होता. शिकवलं कोणी? कोणी नाही. शेजारच्याचं बघून. आणि त्या शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याचं बघून! मग घरात राहायला गेलेली माणसं पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतीवर ओलीचे नकाशे बघत बसायची.

मास्तर मूळचे वाघोलीचेच. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. गवंडी आणि पांढरे कपडे! दिवसभर विटा आणि सिमेंटमध्ये काम करून संध्याकाळी हा माणूस सकाळइतकाच स्वच्छ. मी आपली ऑफिसात खुर्चीवर बसून धुळीनं माखायचे. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "बाई, मालाचा थेंब कपड्यावर पडला म्हंजी तो भिंतीत कमी पडला." माल म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं कपड्यांवरून ओळखू यायची.

त्यांच्या गळ्यात सुतळीनं बांधलेलं एक गजराचं घड्याळ असे. सिमेंटचा माल कालवला की अर्ध्या तासाचा गजर लावायचे. अर्ध्या तासात तो संपला नाही तर तो घट्ट व्हायला लागतो. मग गवंडी काय करतात, तर वरून पाणी ओततात आणि तोच वापरतात. दिसायला छान मऊ, पण त्यात जीव नसतो. म्हणून गजर वाजला रे वाजला की सगळ्या वर्गानं एका सुरात ओरडायचं, "मेला!" आणि उरलेलं घमेलं बाहेर नेऊन ओतायचं.

एकदा वरचे एक मोठे साहेब भेटीला आले. हार झाला, नारळ झाला, साहेब भाषणाला उभे राहिले. 'राष्ट्राच्या उभारणीत' असं म्हणून त्यांनी हात वर केला आणि नेमका गजर वाजला. वीस धट्टीकट्टी माणसं एका दमात ओरडली, "मेला!" साहेबांचा हात वरच राहिला. दोघेजण उठून घमेलं घेऊन पळाले. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, तरी माझ्या नाकातून आवाज आलाच. मास्तर मात्र शांतपणे साहेबांना म्हणाले, "तुमचं चालू द्या, तुमाला न्हाई म्हनलं." साहेबांनी भाषण दोन मिनिटांत गुंडाळलं. इतकं छोटं भाषण त्या शेडमध्ये आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

मास्तरांचा जन्माचा वैरी एकच. तो माणूस नव्हता, ते एक वाक्य होतं. 'पलास्टरमधी निघंल.' बांधकामावर हे वाक्य तुम्ही दिवसातून दहादा ऐकाल. वीट वाकडी बसली? प्लास्टरमध्ये निघेल. भिंतीला पोट सुटलं, म्हणजे मधेच फुगून बाहेर आली? निघेल की प्लास्टरमध्ये! म्हणजे काय, तर वरून जाड थर थापायचा आणि खालचं पाप झाकायचं. वर्गात हे वाक्य जो उच्चारेल त्यानं त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा करून पाजायचा, असा मास्तरांचा कायदा होता.

हणमंता नावाचा एक गवंडी पहिल्याच दिवशी चहा करायला लागला. हणमंता चाळिशीचा, मिशाळ, वीस वर्षं काम केलेला. ठेकेदार सर्टिफिकेट मागायला लागले म्हणून नाइलाजानं आलेला. पहिल्या दिवशी त्यानं भिंत उभी केली, मास्तरांनी ओळंबा सोडला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन; भिंत सरळ आहे की नाही ते तो सांगतो. भिंत बोटभर बाहेर. हणमंता म्हणाला, "त्यात काय, पलास्टरमधी निघंल." सगळा वर्ग आनंदानं ओरडला. आणि हा बहाद्दर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाला, तिसऱ्या दिवशीही तेच. मला संशय आहे की मास्तरांना चिडवायलाच म्हणायचा. चहा मात्र फक्कड करायचा. मी मनातल्या मनात म्हणायचे, याला इतक्यात सुधारू नका.

त्याच तुकडीच्या वेळी वरून एक पत्र आलं. यापुढे शिकवणाऱ्यानंही परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतलं पाहिजे, नाहीतर त्याला शिकवता येणार नाही. मी ते पत्र वाचून दाखवलं खरं, पण मास्तरांकडे कागद म्हणून काहीही नव्हतं. ते स्वतः शिकले होते ते पस्तिशीत. एका साइटवर एका इंजिनिअरानं त्यांना त्यांचीच भिंत पाडायला लावली होती, मग शर्टाच्या बाह्या सरसावून स्वतः शेजारी उभं राहून विटेवर वीट कशी ठेवायची ते दाखवलं होतं. पण त्याचा कागद कुठे मिळतो? मास्तरांना मात्र पत्राची गंमतच वाटली. "माझी परीक्षा? घेऊ द्या की! त्यांनाबी जरा शिकायला मिळंल," असं म्हणून टोपी डोळ्यांवर येईपर्यंत हसले.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना मला मंडईत सखूबाई भेटल्या. सखूबाई म्हणजे मास्तरांच्या मंडळी. त्यांचं थोडं शेत अजून शिल्लक होतं, तिथली मेथी घेऊन त्या मंडईत येत. मला बघून मेथीची जुडी हातात कोंबली आणि म्हणाल्या, "बाई, एक इचारू का? इतकी वर्सं झाली, या मानसानं वर्गातला एक मानूस घरी जेवाया आनला न्हाई. मी काय कुनाला जेवू घालीत न्हाई व्हय? येत्या रईवारी समदी या. त्यास्नी सांगू नका, न्हाईतर पाय मोडून घेत्याल पर हो म्हननार न्हाईत."

मला हे फारच आवडलं. गुपचूप सगळ्यांना निरोप दिला. वर्गातल्या माणसांनी मास्तरांना भेट म्हणून भिंतीवरचं मोठं घड्याळ घेतलं, म्हणजे गळ्यातलं तरी उतरेल. रविवारी आम्ही वाघोलीला त्यांच्या दारात हजर. मास्तर अंगणात दात घासत होते. आम्हाला बघून ब्रश तोंडातच राहिला. सखूबाई आतून ओरडल्या, "या, या! पुरन शिजलंय!"

घर साधं, दोन खोल्यांचं, नीटनेटकं. पण मास्तरांचं काहीतरी बिनसलं होतं. एका भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले ते हलेचनात. बसा म्हटलं तर म्हणे, हितं बरं हाय. जेवणाआधी घड्याळ लावायचं ठरलं. हणमंतानं हातोडी आणि खिळा आणलाच होता. मास्तर घाईघाईनं म्हणाले, "त्या समोरच्या भिंतीला लावा." सखूबाई म्हणाल्या, "समूरच्या का? तिथं ऊन येतंय. हितंच लावा, दारातनं दिसंल. तुमी सरका वो जरा बाजूला!"

"न्हाई म्हनतो ना!"

"आत्ता गं बया! घड्याळाला कोन न्हाई म्हनतं का?" असं म्हणून सखूबाईंनी नवऱ्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. हणमंतानं खिळा धरला आणि एक घाव घातला.

एकच. धडाम! दाराएवढी प्लास्टरची लादी भिंतीवरून सुटली आणि खाली येऊन फुटली. खोलीभर पांढरा धुरळा. पुरणपोळ्या सुदैवानं आत होत्या. धुरळा बसला तेव्हा आम्ही सगळे पिठात घोळल्यासारखे उभे होतो आणि आमच्या समोर भिंत उघडी पडली होती. विटा अशा लावलेल्या की सांध्यावर सांधा, वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ. मधे चांगलं दोन बोटं पोट सुटलेलं. ते पोट झाकायला कडेनं तीन बोटं जाड प्लास्टर थापलेलं.

सखूबाई टाळ्या पिटून हसायला लागल्या. "बावीस वर्सं सांगतीय मी, भित पोकळ वाजतीय म्हनून! आता पटलं? आमचं लगीन झालं तवा बांधली यांनी. मी इटा दिल्या, यांनी लावल्या."

आणि वर्गातली माणसं बघा! तीन महिने जे शिकले होते ते त्यांच्या तोंडातून बाहेर पडायला लागलं. वाईट हेतूनं नाही हो, सवयच लागली होती. एकानं पुढे होऊन वीट बोटानं टोकरली, "भिजवली न्हाई." दुसऱ्यानं विटांमधल्या मालाचा तुकडा चुरडला, "माल मेलेला." तिसऱ्यानं ती सांध्यांची सरळ रेघ दाखवली, "सांधमोड न्हाई." मग अचानक सगळ्यांच्या लक्षात आलं आपण कुणाच्या भिंतीबद्दल बोलतोय, आणि वीट टोकरणाऱ्यानं बोट पटकन मागे घेतलं. मास्तर मान खाली घालून उभे होते. टोपी पांढरी, चेहरा त्याहून पांढरा.

हणमंता हातोडी घेऊन तसाच उभा होता. आता हा मेला हसणार, असं मला वाटलं. त्यानं हातोडी हळूच खाली ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, माझ्या घरी याल तवा खिळा ठोकू नका."

कुणाला हसू आवरेना. मास्तर सोडून सगळे हसले. जेवणं झाली, पुरणपोळ्यांवर सगळ्यांनी आडवा हात मारला, पण मास्तरांनी पानातलं नुसतं चिवडलं. दुसऱ्या दिवशी ते वर्गाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी सखूबाईच आल्या. "घेऊन जावा यांना कुठंतरी. दिवसभर त्या भितीसमूर बसत्यात. मला सैपाक सुचंना."

मी आणि हणमंता गेलो. मास्तर खरंच भिंतीसमोर पाटावर बसले होते. मला बघून म्हणाले, "बाई, मी काय येत न्हाई आता. दुनियेला सांगत फिरलो झाकू नका, झाकू नका. आन् सोता बावीस वर्सं पाठ लावून उभा. कितीदा पाडीन पाडीन म्हनलं, पर लोकं बघतील याची लाज वाटली. आता परीक्षेत सगळ्यांच्या देखत माझ्या भितीला पोट आलं तर?"

मला आधी रडू येत होतं, मग एकदम रागच आला. मी म्हटलं, "तर नापास व्हाल! तुम्ही आजवर एवढ्या माणसांना नापास केलंत, त्यातलं कोणी मेलं का? पुन्हा बसलेच ना ते? आणि तुम्ही नाही आलात तर तुमच्या जागी कोण येणार, सांगा. एखादा फळ्यावर चित्रं काढणारा! उठा आधी." हणमंता म्हणाला, "मास्तर, तुमी नसल्यावर मी 'पलास्टरमधी निघंल' कुनाला म्हनू? मजाच न्हाई."

मास्तर उठले. पण एकटे नाही आले. पडलेल्या प्लास्टरचा परातीएवढा तुकडा पोत्यात घालून खांद्यावर घेऊन आले, वर्गाच्या मधोमध टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ही माझी भित. इचारा काय इचारायचंय ते." त्या दिवशी जे शिकवलं त्यांनी! प्रत्येक चूक त्या वयात का केली, कुठल्या घाईत केली, कोणाचं बघून केली, सगळं सांगितलं. हजेरी घेऊन मी परत जायची ती दारातच ऐकत उभी राहिले.

परीक्षा सगळ्यांची एकत्रच होती, त्यामुळे त्या दिवशी मास्तर विद्यार्थ्यांच्या रांगेत. नावं नाहीत, नुसते नंबर. प्रत्येकानं दुपारपर्यंत कोपऱ्याची छातीइतकी भिंत उभी करायची. परीक्षक बाहेरगावच्या, एक तरुण इंजिनिअर बाई, कोणाला ओळखत नव्हत्या. मास्तरांच्या शेजारी हणमंता. पहिली वीट मास्तरांनी तीनदा उचलून पुन्हा ठेवली, ते मी लांबून पाहिलं. दुसरी एकदाच. पाचव्या थरापर्यंत हात असा चालायला लागला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण तेवढ्यात त्यांची नजर शेजारी गेली. हणमंताचा कोपरा केसभर सरकत होता. आता मास्तर गप्प राहतील? खोकले. हणमंताला कळलं नाही. पुन्हा खोकले, जोरात. मग थापी खाली टाकून उघडच म्हणाले, "दोरी बघ की रं!" परीक्षक बाई म्हणाल्या, "नंबर अकरा, परीक्षेत बोलायचं नाही." मास्तर म्हणाले, "न्हाई बोलत." आणि पुन्हा बोलले. बाईंनी तीनदा दटावलं. शेवटी त्यांना वेगळं बोलावून चांगलं झापलं, आणि मास्तर परत येईपर्यंत गळ्यातला गजर वाजला. यावेळी ओरडायचं भान कुणालाच नव्हतं.

घमेलंभर माल होता. अजून मऊ दिसत होता. भिंतीचा एकच थर राहिलेला. जरासं पाणी शिंपडलं असतं तर कुणालाही कळलं नसतं, त्या बाईंनाही नाही. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मास्तर घमेलं घेऊन शेडबाहेर चालले होते. ओतून आले, नवा माल कालवायला बसले आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली. सगळ्यांच्या भिंती पूर्ण. मास्तरांची एका थरानं बुटकी.

निकाल लागला. पहिला नंबर हणमंता. दुसरा मास्तर, भिंत अपुरी राहिली म्हणून मार्क गेले, पण जेवढी होती तेवढीत परीक्षक बाईंना खोट सापडली नाही. हणमंता चोरासारखा कोपऱ्यात उभा. आणि मास्तर? मास्तर पेढे घेऊन वाघोली रस्त्यावर धावत सुटले! बस थांबवली, ड्रायव्हरला पेढा. ट्रॅफिक पोलिसाला पेढा. "दुसरा आलो! पैला माझा इद्यार्थी आलाय! मला हरवलं त्यानं!" पोलिसानं पेढा तोंडात टाकून त्यांना रस्त्याच्या कडेला आणून उभं केलं.

पुढच्या वर्षी आमच्या यांची काही वर्षांसाठी बदली झाली आणि मी नोकरी सोडली. निरोप घ्यायला म्हणून वाघोलीला गेले. मास्तरांच्या घराची ती भिंत पाडलेली होती, घराला ती बाजूच नव्हती. आतलं सगळं रस्त्यावरून दिसत होतं आणि सखूबाई मोडक्या जोत्यावर खुर्ची टाकून देखरेख करत होत्या. येणारे जाणारे थांबून बघत होते, आणि मास्तर त्यांना बोलावून बोलावून आत आणत होते. नवी भिंत कमरेपर्यंत आली होती. बांधत होता हणमंता. मास्तर त्याच्या हाताखाली माल कालवून देत होते.

मी दारात पोचले तेव्हाच हणमंतानं थापीनं माल उचलून बघितला आणि घमेलं मागे सरकवलं. "मास्तर, पातळ झालाय. परत कालवा."

मी म्हटलं, आता काही खरं नाही. मास्तरांनी घमेल्यात बोट घातलं, बघितलं, खरंच पातळ होता. पांढऱ्या सदऱ्यावर पोटापर्यंत सिमेंट उडालेलं, ते घमेलं त्यांनी डोक्यावर घेतलं, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जी मिस्त्री, आनतो!"